तैलरंगाचा शोध यान व्हान आयकने लावला का?

कलेच्या इतिहासावरची जुनी पुस्तकं चाळली तर तैलरंगाचा शोध यान व्हान आयक या फ्लेमिश चित्रकाराने लावला, असं वाक्य हमखास भेटतं. वाक्य चुकीचं आहे. पण ते कसं चुकलं आणि चूक वजा केल्यावर काय उरतं, हे बघण्यासारखं आहे. कारण आपल्या सिनॉप्सिसमध्येही ‘प्रथमच’ हा शब्द फार सहज येऊन बसतो.

आधी दाव्याचा उगम पाहू. व्हान आयक १४४१ मध्ये ब्रूज शहरात वारला. शोधाची गोष्ट पसरवली जॉर्जो वासारीने, १५५० साली छापलेल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथातून. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांनी, तेही इटलीतून. गोष्ट रंगतदार आहे: व्हार्निश उन्हात वाळवताना चित्राची फळी तडकली, म्हणून सावलीत वाळणारं तेल शोधता शोधता जवस आणि अक्रोडाचं तेल सापडलं.

आता विरुद्ध पुरावा. १२व्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या भिक्षूने जवसाच्या तेलात रंग खलायची कृती लिहून ठेवली होती. लेसिंगने १७७४ मध्ये हे हस्तलिखित पुढे आणलं आणि वासारीच्या दाव्यातली हवा गेली. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमध्ये तर सुमारे ७व्या शतकातल्या भित्तिचित्रांत वाळणारं तेल सापडलंय.

मग व्हान आयकचं श्रेय शून्य का? नाही. थिओफिलसची तक्रार वाचली की कोडं सुटतं. तो म्हणतो की एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि माणसांची चित्रं काढताना हे फार कंटाळवाणं होतं. यामागे साधं रसायनशास्त्र आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. याला कित्येक दिवस लागतात. अंड्याच्या बलकातला रंग मात्र लगेच वाळतो, त्यामुळे त्यात छटा बारीक रेघा मारूनच आणाव्या लागतात.

व्हान आयकने हाच उशीर कामाला लावला. रंग ओला असतानाच कडा एकमेकींत विरघळवायच्या. वाळल्यावर वर पारदर्शक थर द्यायचे. प्रकाश त्यांतून आत जातो, खालच्या उजळ थरांवरून परततो आणि रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या १४३४ च्या आर्नोल्फिनी चित्रातला हिरवा झगा बघा. चित्र जेमतेम ८२ बाय ६० सेंटिमीटरचं, पण झग्याची प्रत्येक चुणी वेगळी कळते. शतकानुशतकं लोक त्याचं ‘गुप्त मिश्रण’ शोधत होते. प्रयोगशाळेत सापडलं ते मुख्यतः जवसाचं तेल, कधी तापवून दाट केलेलं. इन्फ्रारेड तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली: आर्नोल्फिनीचा हात आणि पाय त्याने काम करता करता बदलले होते. म्हणजे हे हात दुरुस्त्याही करत होते.

सगळं परिपूर्ण आहे असंही नाही. याच चित्रात खोलीच्या मागे जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. तेव्हा फ्लॉरेन्समध्ये मासाच्चोने हे गणित आधीच साधलं होतं. व्हान आयकची ताकद पृष्ठभागाच्या निरीक्षणात आहे, भूमितीत नाही.

आयुष्याचा धागाही इथे जुळतो. १४२५ पासून तो बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड याच्या पदरी होता. १४२८ मध्ये ड्यूकच्या नियोजित वधूचं चित्र काढायला तो पोर्तुगालला गेला. माझ्या मते, दिवसेंदिवस थर वाळू देण्याची चैन अशा नियमित पगाराशिवाय कठीण होती. संशोधनालाही फेलोशिप लागते ती याचसाठी!

तेव्हा ‘प्रथमच’ लिहिण्याआधी विचारा: वस्तू नवी आहे, की जुन्या वस्तूचा वापर नवा आहे? दुसरं उत्तर कमी दर्जाचं नसतं, फक्त ते नेमकेपणाने लिहावं लागतं. व्हान आयकच्या सह्यांमध्ये शोधाचा दावा कुठेच नाही. १४३३ मधल्या लाल पागोट्यातल्या माणसाच्या चित्राच्या चौकटीवर त्याने एवढंच लिहिलंय: मला जमेल तसं.