‘कॅच-२२’मधील निळे वल्हे

जोसेफ हेलर यांची ‘कॅच-२२’ ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर नास्तिकतेचा शिक्का बसला. तो सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. देवाची कुचेष्टा करणारी पाने तिच्यात आहेत. रोममधील काही प्रसंग तर घरच्या मंडळींनी एकत्र बसून वाचावेत असे मुळीच नाहीत. तरीही श्रद्धेचा प्रश्न या कादंबरीला शेवटपर्यंत सोडत नाही, आणि त्याचा निकाल कोणत्याही प्रार्थनामंदिरात नव्हे, तर भर समुद्रात लागतो. या लेखात आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते त्याकडे.

हेलर यांनी युद्ध दुरून पाहिले नव्हते. ब्रुकलिनच्या ज्यू कुटुंबात १९२३ साली जन्मलेले हेलर १९४४ मध्ये कॉर्सिका बेटावरील अमेरिकन हवाई तळावर होते. बी-२५ विमानातून बॉम्ब टाकण्याचे काम करीत त्यांनी ६० मोहिमा पार पाडल्या. आव्हिन्यॉंवरील हल्ल्यात त्यांच्या विमानातील एक गोलंदाज मांडीला जखम होऊन पडला. हेलर यांनी त्याची जखम बांधली आणि तो वाचला. कादंबरीतला स्नोडेन मात्र वाचत नाही. योसारियन त्याची मांडी मनापासून बांधतो, आणि प्राणघातक जखम चिलखती जाकिटाखाली दडलेली असते. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. आम्हांस मात्र ऑर या वैमानिकाची कथा अधिक विचार करायला लावते.

ऑरचे विमान वारंवार पडते आणि तो ते समुद्रावर अलगद उतरवतो. अशा एका प्रसंगी सहाही जणांची प्राणरक्षक जाकिटे फुगत नाहीत. जाकीट फुगवणाऱ्या वायूच्या नळकांड्या मायलो माइंडरबाइंडर या व्यापारी वृत्तीच्या अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील आइस्क्रीम सोड्यासाठी काढून नेलेल्या असतात! युद्धातील नफेखोरीवर इतके जळजळीत भाष्य आमच्या वाचनात क्वचितच आले आहे. जाकीट न फुगणे म्हणजे काय, हे उत्तर समुद्रावर उडणाऱ्या वैमानिकांना विचारावे. तेथे अमेरिकन वैमानिक आरंभी ब्रिटिशांच्या वेगवान बचाव-नौकांवर व पाण्यावर उतरणाऱ्या वॉलरस विमानांवर विसंबून असत. मे १९४४ मध्ये अमेरिकनांनी बॉक्सटेड येथे स्वतःचे शोधपथक उभारले. त्याची पी-४७ विमाने तरंगणाऱ्यांना हुडकून त्यांच्यासाठी रबरी होड्या टाकीत. हेलर यांच्या कादंबरीत या बचाव करणाऱ्यांना चेहराच नाही, ही आमची एक तक्रार आहे. जीव धोक्यात घालून परक्याला पाण्याबाहेर काढणाऱ्या माणसाला इतक्या मोठ्या पुस्तकात थोडी जागा मिळायला हवी होती.

तर, रबरी तराफ्यावर बसलेला ऑर सहकाऱ्यांना चहा देतो, नकाशा मांडीवर पसरतो, होकायंत्र काढतो आणि आइस्क्रीमच्या चमच्याएवढ्या निळ्या वल्ह्याने तराफा वल्हवू लागतो. सारे त्याला हसतात. पुढे पुन्हा विमान पडते. इतर सारे वाचतात, ऑर मात्र तराफ्यासह दिसेनासा होतो. अगदी शेवटी बातमी येते, की तो स्वीडनच्या किनाऱ्याला लागला आहे. चॅपलन टॅपमन, ज्याची श्रद्धा पुस्तकभर डळमळत आलेली असते, तो आनंदाने चमत्कार झाल्याचे सांगतो. ऑर वाहत गेला नाही, वल्हवत गेला, असे योसारियन त्याला बजावतो. मग चॅपलन मागे हटत नाही; माणसाच्या बुद्धीचा आणि चिकाटीचा तो चमत्कारच, असे तो म्हणतो.

हा संवाद वाचताना आम्हांला प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आठवतो. समुद्र तोच, भूमध्य. कोणाचाही जीव जाणार नाही, असे आश्वासन पौलाला देवदूताकडून मिळालेले असते. तरीही तो सर्वांना जेवायला लावतो, आणि खलाशी लहान होडीतून पळू पाहतात तेव्हा ते जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही, असे शताधिपतीला सांगतो. शेवटी २७६ माणसे काही पोहत, काही फळ्यांच्या आधाराने माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. देवाची कृपा आणि हातातली फळी यांत तेथे भांडण नाही. ज्यू लेखकाच्या अॅनाबॅप्टिस्ट चॅपलनने आपल्या ओळखीची गोष्ट बोलावी, याचे आम्हांला नवल वाटते आणि समाधानही.

परंतु पौलाच्या त्याच अध्यायातून ऑरवर आक्षेपही निघतो. ऑर होडीतून निघून जाणारा खलाशी आहे. भूमध्य समुद्रातून जिब्राल्टर ओलांडून स्वीडनपर्यंत चमच्याने वल्हवणे अशक्य आहे, हे तर उघडच; विनोदी कादंबरीला ते माफ करता येते. मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र माफ करता येत नाही. कर्नल कॅथकार्ट मोहिमांची संख्या वाढवत ८० पर्यंत नेतो. मोहिमेपूर्वी प्रार्थना ठेवली तर आपले नाव मासिकात छापून येईल, एवढाच त्याला प्रार्थनेचा उपयोग. साधे सैनिकही आपल्याच देवाची प्रार्थना करतात हे कळताच त्याचा उत्साह मावळतो. या माणसाच्या हाताखाली इतरांना उडावेच लागणार आहे. योसारियनही शेवटी पळतो, आणि टीकाकार त्याच्या पळण्याला स्वातंत्र्य म्हणतात.

चॅपलन पळत नाही. ऑरची बातमी ऐकून त्याच्या अंगात बळ येते, आणि आपण येथेच राहू, चिकाटी धरू, वरिष्ठांना सतावू, असे तो ठरवतो. या दोनचार ओळींवर हेलर थांबले नाहीत, याची आम्हांस हळहळ वाटते. १९९४ साली ‘क्लोझिंग टाइम’ या उत्तरभागात त्यांनी चॅपलनला पुन्हा आणले, पण त्याच्या शरीरात जड पाणी तयार होते अशा थट्टेसाठी. पियानोसावरील त्या तळावर, आणखी मोहिमा उडणाऱ्या पोरांमध्ये, राहून गेलेल्या त्या भित्र्या माणसाने पुढे काय केले, ते कोणीच लिहिले नाही.