वडगावची सही आणि अमेरिकेचा अध्यक्ष



विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, "अमेरिकेच्या अध्यक्षाचे युद्धाचे अधिकार? आणि ते वडगाव मावळात? ऐकायला कोण येणार?" तुम्ही आलात, त्याबद्दल आभार. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. युद्ध कोणी सुरू करायचं, तह कोणी करायचा, आणि एकाने केलेली सही दुसऱ्याने नाकारली तर काय, या प्रश्नाचं एक जुनं आणि फार बोलकं प्रकरण तुमच्या गावात घडलेलं आहे. १७७९ च्या जानेवारीत.

लढाई तुम्हाला पाठ आहे. राघोबादादांना पुण्यात बसवायला मुंबईकर इंग्रजांची जेमतेम चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंत यायलाच त्यांना दहा-अकरा दिवस लागले. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपला इष्टुर फाकडा. तळेगावला पोचले तर गाव जळलेलं, दाणा नाही, वैरण नाही. मग रातोरात माघार, मोठ्या तोफा तळ्यात, आणि वडगावात कोंडी. १६-१७ जानेवारीला तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करायचा, राघोबांचा पक्ष सोडायचा, बंगालहून येणारी फौज थांबवायची. हमी म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट (हा दुसरा स्टुअर्ट, बरं का) असे दोन ओलीस महादजींच्या ताब्यात.

आमची तक्रार आहे ती यापुढची गोष्ट सांगण्याच्या पद्धतीबद्दल. आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक विजयाचा, तो रास्तच आहे. दुसरा हळहळीचा: महादजींनी इंग्रजांना जिवंत सोडलं कशाला? ग्रँट डफने १८२६ साली पुस्तक लिहिलं, त्याचा रोख स्वतःच्या सेनापतींच्या ढिलाईवर. आपण तीच बाजू उलटी करून आपल्या शौर्यावर रोख ठेवला. रियासतकार सरदेसाई निवृत्तीनंतर इथे शेजारी कामशेतला येऊन राहिले, १९५९ साली तिथेच गेले. कागद कसा वाचावा हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. तेव्हा त्यांच्या शेजारगावी बसून आपण एक कोरडा प्रश्न विचारायला हरकत नाही. कार्नॅक आणि एगर्टन यांना त्या कागदावर सही करायचा अधिकार होता का?

नव्हता. आणि हे त्यांना ठाऊक होतं. वाटाघाटीत कार्नॅकने तसं सांगितलंही, की वरिष्ठ सरकारच्या संमतीशिवाय आम्हाला तह करता येत नाही. वरिष्ठ सरकार म्हणजे कलकत्ता. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने ठरवलं होतं, की मुंबई आणि मद्रास यांनी बंगालच्या गव्हर्नर जनरल आणि कौन्सिलला विचारल्याशिवाय युद्ध करायचं नाही, तह करायचा नाही. अपवाद दोन: उशीर करणं धोक्याचं ठरेल अशी तातडीची निकड असली तर, किंवा लंडनच्या डायरेक्टरांचा खास हुकूम असला तर. आता बघा, कायद्यातली ही दोन भोकं एवढी मोठी होती, की त्यांतून आख्खी फौज तोफांसकट निघून गेली!

मुंबईकरांनी १७७५ साली कलकत्त्याला न विचारता सुरतेला राघोबांशी तह केला. कलकत्त्याने तो नामंजूर करून कर्नल अप्टनला पाठवलं, त्याने १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. तेवढ्यात लंडनहून डायरेक्टरांचं पत्र आलं, की सुरतेचा तह आम्हाला पसंत आहे. म्हणजे एकाच कंपनीची तीन तोंडं! पुणे दरबाराने कोणत्या तोंडाशी बोलायचं? पुढे १७७७ मध्ये पुण्यात सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस आला, आणि 'तातडीची निकड' आयती हाती लागली. १७७८ साली फ्रान्स अमेरिकन बंडखोरांच्या बाजूने युद्धात उतरला, त्याची बातमी कलकत्त्याला आली, आणि फ्रेंचांचं भय दाखवणं आणखी सोपं झालं. ज्या युद्धातून अमेरिका जन्माला आली, त्याचा धूर मावळातही पोचला होता.

वडगावची बातमी कलकत्त्याला गेल्यावर वॉरन हेस्टिंग्जने तह झिडकारला. कारण काय? सही करणाऱ्यांना अधिकार नव्हता. कायद्याने बरोबर. पण पुण्यावर चाल करून जाण्याला याच हेस्टिंग्जचा पाठिंबा होता, बंगालची फौजही त्यानेच धाडली होती. युद्ध करताना मुंबईचा हात कंपनीचा, तह करताना तोच हात परका. अंगावर येणारी फौज एक असते, आणि तुमच्याशी बोलणारं सरकार दुसरंच निघतं. आमच्या मते वडगावचा खरा धडा हा आहे, महादजींचं औदार्य नव्हे.

आता अमेरिकेकडे येतो. ८ सप्टेंबर १७८७, फिलाडेल्फिया. घटनेचा मसुदा जवळजवळ पुरा झालाय. अध्यक्षावर महाभियोग कशासाठी चालवायचा? मसुद्यात देशद्रोह आणि लाचखोरी एवढंच. व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन उठला आणि त्याने दाखला दिला तो हेस्टिंग्जचा. हेस्टिंग्जने देशद्रोह केलेला नाही, तरी त्याच्यावर खटला होतोय, तेव्हा एवढ्या दोन गुन्ह्यांत मोठमोठे अपराध सुटून जातील, असा त्याचा मुद्दा. त्यातून 'इतर गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन' ही शब्दयोजना आली. ती आजही तिथे आहे. बर्कने १७८६ साली हेस्टिंग्जवर जे आरोप मांडले, त्यांत मराठ्यांशी केलेलं युद्ध आणि तह हे एक कलम होतं. मेसनच्या डोळ्यापुढे वडगाव होतं असं आम्ही म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण दूरदेशी युद्ध करून मोकळा होणारा हाकिम कसा असतो, हे त्या सभागृहाला माहीत होतं.

म्हणून त्यांनी वाटणी केली. युद्ध जाहीर करायचं काँग्रेसने, सेनापती अध्यक्ष. तह अध्यक्षाने करायचा, पण सिनेटच्या दोनतृतीयांश संमतीने. कागदावर छान. पण अमेरिकेने रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं १९४२ साली. कोरिया, व्हिएतनाम, इराक ही सगळी त्यानंतरची. १९७३ साली निक्सनचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने कायदा केला: फौज पाठवलीत तर ४८ तासांत कळवा, ६० दिवसांत संमती घ्या, नाहीतर परत बोलवा. पुढे २०११ मध्ये लिबियावर बॉम्बफेक चालू असताना साठ दिवस उलटले, तेव्हा ओबामांच्या सरकारने सांगितलं, की याला कायद्यातल्या अर्थाने 'लढाई' म्हणता येत नाही. ओळखीचं वाटतं ना? मुंबईकरांनी 'निकड' हा शब्द ताणला, यांनी 'लढाई' हा शब्द आखडला.

तहाचंही तेच. १९१९ मध्ये विल्सनने व्हर्सायला सही केली, सिनेटने नाकारली. उलट बाजूने, कार्टरने तैवानशी असलेला संरक्षण करार एकट्याने मोडला. सिनेटर गोल्डवॉटर कोर्टात गेले, आणि डिसेंबर १९७९ मध्ये, वडगावनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने तो दावा निकालात काढला, मूळ प्रश्नाचं उत्तर न देता. तह कसा करायचा ते घटनेत आहे, मोडायचा कसा ते नाही. इराणशी २०१५ साली जो अणुकरार झाला, तो सिनेटपुढे तह म्हणून गेलाच नाही. २०१८ मध्ये पुढच्या अध्यक्षाने तो सोडून दिला. तेहरानला जो अनुभव आला, तो पुणे दरबाराला आधीच आलेला होता.

(आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे तहाला संसदेची मंजुरी घटनेने सक्तीची केलेलीच नाही. आणि इथून घाटाकडे गेलं की लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत जी मुलं जहाजाची इंजिनं शिकताहेत, त्यांना कुठे पाठवायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न वॉशिंग्टनचा नाही.)

पुन्हा वडगावात येऊ, कारण आमच्या टीकेचा अर्धा भाग आपल्याच बाजूवर आहे. पेशवा सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. कारभार नाना फडणविसांचा, फौजेचं वजन महादजींचं. वडगावात राज्याच्या तहाबरोबर आणखी एक ठराव झाला: भडोच महादजींना द्यायचं, आणि त्यांच्या माणसांना ४१ हजार रुपये. आता गंमत पाहा. राज्याशी केलेला तह इंग्रजांनी फेटाळला. भडोच मात्र १७८२ मध्ये सालबाईच्या वेळी महादजींना मिळालं, वडगावच्या वागणुकीची कदर म्हणून. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. सार्वजनिक वचन बुडालं, खाजगी वचन वटलं. सालबाईच्या तहाला जामीनदार म्हणून महादजी उभे राहिले, आणि नानांना त्यावर शिक्का उमटवायला महिने लागले. एका माणसाशी संधान बांधलं की राज्याशी बोलायची गरज उरत नाही, हे हेस्टिंग्जला नेमकं कळलं होतं. आपल्या पुस्तकांत भडोचची ओळ असते, पण तळटीपेसारखी. ती वर आणायला हवी.

आणि तळेगावचंही. गाव जाळायचा हुकूम आपल्याच बाजूचा होता. डाव लष्करी दृष्टीने अचूक, शंका नाही. पण ज्यांची घरं गेली, त्यांना सुरत, पुरंदर, कलकत्ता यांतलं काय कळवलं होतं? विजयाच्या गोष्टीत ती माणसं एका वाक्यात येतात आणि जातात.

राहता राहिले दोन ओलीस. तह नामंजूर झाल्यावर हमी म्हणून महादजींच्या हाती एवढेच दोघे होते. राघोबा तर वाटेतूनच निसटून गॉडर्डकडे सुरतेला पोचले होते. १७८० मध्ये महादजींनी फार्मर आणि स्टुअर्ट दोघांनाही सोडून दिलं, गॉडर्डच्या छावणीत.

प्रश्न असतील तर घेऊ.