उन्हाकडे पाठ करून

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक जुना आल्बम असतो. लग्न, बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन अशा प्रसंगांचे फोटो त्यात जपून लावलेले असतात. त्यांतला एक फोटो हमखास चर्चच्या पायऱ्यांवरचा असतो. मिस्सा आटोपलेली असते, दुपारचे ऊन डोक्यावर आलेले असते आणि सगळे गणगोत सूर्याकडे तोंड करून ओळीने उभे असते. नवरीचा पोशाख इतका पांढरा पडलेला की त्यावरचे भरतकाम दिसू नये, डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी, कपाळावर आठ्या. वर्षांनंतर आपण तो फोटो नातवंडांना दाखवतो आणि म्हणतो, "त्या दिवशी फार ऊन होते." माणसे कशी होती हे सांगण्यासाठी काढलेला फोटो अखेरीस ऊन कसे होते एवढेच सांगतो.

उघड्यावर माणसाचे व्यक्तिचित्र टिपताना प्रकाश कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो समोरच्या माणसाशी आपण कसे वागतो याचाही प्रश्न आहे. या बाबतीत एक समजूत सर्वत्र रुजली आहे. नैसर्गिक प्रकाश खरा, प्रामाणिक आणि सौम्य असतो, तर फ्लॅशचा प्रकाश खोटा, उद्धट आणि बाजारी असतो, अशी ती समजूत. तिला काही आधार नाही असे नाही. पण ती पुरेशी खरीही नाही. गेल्या अर्धशतकातील दोन थोर छायाचित्रमालिका समोर ठेवून ती तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फ्लॅशची बदनामी कशी झाली, हे आधी पाहू. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त स्फोटक भुकटीचा शोध लागला आणि अंधारातही क्षणार्धात चित्र घेणे शक्य झाले. न्यूयॉर्कमधील वार्ताहर जेकब रीस यांनी हे साधन हाती घेऊन गरीब वस्त्यांतील कोंदट खोल्यांत प्रवेश केला. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने शहराची झोप उडवली आणि घरसुधारणेच्या चळवळीला बळ दिले. हे कार्य मोठेच होते. तरीही त्या चित्रांतील काही माणसे दचकलेली, झोपेतून उठवलेली दिसतात, हे नाकारता येत नाही. त्यांच्या भल्यासाठी का होईना, प्रकाश त्यांच्यावर येऊन आदळला होता. फ्लॅश म्हणजे परवानगीवाचून आत शिरणारा पाहुणा, ही प्रतिमा तेव्हापासूनची आहे.

आता पहिली मालिका घेऊ. फॅशनच्या छायाचित्रणात नावाजलेले अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन यांना टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील एमन कार्टर संग्रहालयाने पश्चिम अमेरिकेतील माणसे टिपण्याचे काम दिले. १९७९ ते १९८४ या काळात ॲव्हेडन यांनी ७५२ माणसांची चित्रे घेतली आणि त्यासाठी ८ बाय १० इंचांच्या फिल्मचे सुमारे १७,००० ताव खर्ची घातले. खाणकामगार, ट्रकचालक, गुराखी, भटके, खानावळीत काम करणाऱ्या स्त्रिया अशी ही माणसे होती. १९८५ साली 'इन द अमेरिकन वेस्ट' या नावाने प्रदर्शन भरले आणि ग्रंथही निघाला.

त्यांची पद्धत सांगायला सोपी होती. एखाद्या इमारतीच्या सावलीच्या बाजूस पांढरा कागद ताणून लावायचा, माणसाला त्याच्यापुढे उभे करायचे आणि आपण कॅमेऱ्यामागे न लपता भिंगाच्या शेजारी उभे राहायचे. ना फ्लॅश, ना दिवा. थेट ऊनही त्यांनी टाळले. कारण ऊन चेहऱ्यावर उजळ ठिपके आणि गडद सावल्या पाडते आणि कुठे पाहावे, कुठे पाहू नये, हे पाहणाऱ्याला परस्पर सांगून टाकते. सावलीतला प्रकाश मात्र साऱ्या आकाशातून येतो. तो नाकाला आणि कानाला, सुरकुतीला आणि बटणाला सारखेच मानतो. कोळशाने माखलेला खाणकामगार आणि इस्त्रीचा सदरा घातलेला तरुण या प्रकाशात समान होतात.

ही समता या मालिकेचे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे. माणसाहून मोठ्या आकाराची ही चित्रे संग्रहालयाच्या भिंतीवर लागली तेव्हा ज्यांच्याकडे रस्त्यात कोणी वळून पाहिले नसते, त्यांच्यापुढे लोक स्तब्ध उभे राहिले. पण येथेच एक प्रश्न उभा राहतो. प्रकाश नैसर्गिक होता. चित्रेही तितकीच नैसर्गिक होती काय? या मालिकेतील सर्वांत गाजलेले चित्र एका मधमाशीपालकाचे आहे. उघड्या अंगावर शेकडो मधमाश्या घेऊन तो शांतपणे उभा आहे. ॲव्हेडन यांनी या चित्राची कल्पना आधीच केली होती, मधमाशीपालनाच्या नियतकालिकात जाहिरात देऊन माणूस मिळवला होता आणि माश्या अंगावर बसाव्यात म्हणून त्याच्या अंगाला राणीमाशीचा गंध लावला होता. १९८१ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे घेतलेले हे चित्र अविस्मरणीय आहे, पण ते 'सापडलेले' नव्हे, रचलेले आहे. दिवसाचा प्रकाश या रचनेला साक्षीदार म्हणून उभा केला आहे आणि साक्षीदार प्रामाणिक दिसतो म्हणून साक्षही आपण खरी मानतो.

पांढऱ्या कागदाचेही तसेच. ज्या पश्चिमेचे नाव मालिकेला आहे ती पश्चिम चित्रांत कोठेच नाही. डोंगर नाही, क्षितिज नाही, खाणीचे तोंड नाही, स्वयंपाकघर नाही. माणूस आपल्या मुलखापासून कापून काढला आहे. त्यामुळे त्याचा चेहरा लख्ख दिसतो हे खरे. पण तो चेहरा ज्या श्रमाने आणि ज्या वाऱ्याने घडला ते गेले. पश्चिमेतील लोकांना बकाल आणि खिन्न दाखवले, अशी तक्रार त्या वेळीच झाली. ॲव्हेडन यांनी आपल्या बाजूने कधी लपवाछपवी केली नाही. व्यक्तिचित्र हे आपले मत असते, असेच ते सांगत आले. तो प्रामाणिकपणा मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, मत जेव्हा इतक्या निःपक्ष दिसणाऱ्या प्रकाशात मांडले जाते, तेव्हा पाहणाऱ्याने अधिक सावध राहावे.

दुसरी मालिका नेदरलँड्सच्या रिनेके डाइक्स्ट्रा यांची. १९९२ पासून त्यांनी अमेरिका, पोलंड, इंग्लंड, युक्रेन, क्रोएशिया अशा देशांच्या समुद्रकिनाऱ्यांवर पोहण्याच्या पोशाखातील किशोरवयीन मुलामुलींची चित्रे घेतली. कॅमेरा ४ बाय ५ इंचांच्या फिल्मचा, तिवईवर ठेवलेला आणि काहीसा खालच्या उंचीवर. मागे वाळू, समुद्र आणि आकाश यांचे तीन पट्टे. आणि दिवसाढवळ्या फ्लॅश.

दिवसा फ्लॅश कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर समजून घेतल्यावाचून या चित्रांचे मर्म कळत नाही. फ्लॅशचा प्रकाश अंतरागणिक झपाट्याने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. म्हणून तो जवळच्या माणसावर पडतो, पण दूरच्या समुद्राला शिवतही नाही. शिवाय तो सेकंदाच्या अतिशय लहान अंशापुरताच चमकतो. त्यामुळे शटर उघडे राहण्याचा काळ कमी केला तर समुद्र आणि आकाश गडद होतात; माणूस मात्र तेवढाच उजळ राहतो. साध्या कॅमेऱ्यांत हा काळ सेकंदाच्या सुमारे साठाव्या ते अडीचशेव्या भागापर्यंतच आखूड करता येतो, नाहीतर चित्राचा काही भाग काळा पडतो. भिंगातच शटर असलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांना ही अडचण नसते. थोडक्यात, छायाचित्रकाराच्या हाती दोन वेगळे दोर येतात : एक जगाच्या उजेडाचा, दुसरा माणसाच्या उजेडाचा.

डाइक्स्ट्रा यांनी हे दोन दोर फार समजून हाताळले आहेत. पोलंडमधील कोवोब्झेग येथे १९९२ साली घेतलेल्या चित्रात फिकट हिरव्या पोशाखातील एक सडपातळ मुलगी एका पायावर भार देऊन, मान किंचित कलवून उभी आहे. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची आठवण अनेकांना झाली, पण त्या मुलीला ती नसावी. ती फक्त कसे उभे राहावे या विवंचनेत आहे. फ्लॅशमुळे तिची कांती, तिचे अवघडलेले हात, पायांखालची वाळू सारे स्पष्ट दिसते. आणि मागचा समुद्र मंदावल्यामुळे ती आपल्या वयाच्या उंबरठ्यावर अगदी एकटी दिसते. येथे फ्लॅश आदळत नाही. तो तिला पार्श्वभूमीतून अलगद पुढे आणतो. शिवाय तिचा समुद्र तिच्यापाशीच राहतो. ॲव्हेडन यांनी कागद लावून जे पुसले, ते डाइक्स्ट्रा यांनी कृत्रिम प्रकाश वापरूनही राखले.

याचा अर्थ दुसरी मालिका निर्दोष आहे असा नव्हे. कोवळ्या वयाचे अवघडलेपण ज्यांना स्वतःला नीट कळलेले नसते, त्यांच्याकडून ते घेऊन भिंतीवर टांगावे काय, हा प्रश्न येथेही उरतो. दुसरे असे की, ही रीत ओळखीची झाल्यावर तिचा साचा होण्याचा धोका असतो. खालचा कॅमेरा, सरळ उभा माणूस, गडद आकाश एवढे जमवले की गांभीर्य आपोआप येते, असे वाटू लागते. ते तसे येत नाही.

मग सत्य कोणत्या प्रकाशात आहे? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. या दोन मालिकांत प्रकाश वेगळा आहे, पण एक गोष्ट समान आहे : दोघांनीही संथ, अवजड कॅमेरा वापरला. अशा कॅमेऱ्यापुढे फोटो चोरता येत नाही. समोरच्याला कळते की आपले चित्र घेतले जात आहे; तो उभा राहतो, थांबतो, आणि थांबता थांबता त्याच्या चेहऱ्यावरचा ठेवणीतला भाव गळून पडतो. त्याही आधी, १९१४ साली, जर्मनीच्या आउगुस्ट झांडर यांनी रविवारच्या पोशाखात निघालेल्या तीन तरुण शेतकऱ्यांना पाऊलवाटेवर थांबवले होते. ना कागद, ना फ्लॅश; होता तो मोकळ्या आभाळाचा उजेड आणि मागे त्यांचेच शेतशिवार. तिघे मान वळवून पाहतात आणि शतक उलटून गेल्यावरही आपणच त्यांच्या वाटेत उभे आहोत असे वाटते. त्या चित्राला खरे करणारी गोष्ट प्रकाश नव्हे. ते थांबणे आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, म्हणून ही चर्चा केवळ जाणकारांची राहिलेली नाही. पुढच्या लग्नात पायऱ्यांवर माणसे उभी राहतील तेव्हा त्यांना सूर्याकडे पाठ करून उभे करावे किंवा चर्चच्या सावलीत न्यावे. पाठीवर ऊन घेतले तर चेहरे काळवंडतील. तेव्हा फ्लॅश लावावा, पण सूर्याच्या निम्म्याहून कमी जोराचा, म्हणजे तो जाणवणार नाही. मोबाइलचा इवलासा दिवा दोन-तीन पावलांपलीकडे फारसा पोहोचत नाही. त्याच्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा सावली बरी. एवढे तंत्र पुरे.

उरते ते तंत्रापलीकडचे. मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड, एक म्हातारी मावशी नेहमी उभी असते. तिला पुढे बोलवावे, तिचा पदर सावरून होईपर्यंत थांबावे, आणि तिने आपल्याकडे पाहिल्यावरच बटण दाबावे. पन्नास वर्षांनी तो आल्बम उघडणाऱ्याला त्या दिवशी ऊन किती होते हे कळले नाही तरी चालेल. त्याला मावशी दिसली पाहिजे.