थांबवता येणारा मास्तर : प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या मराठी व्हिडिओंविषयी

कादंबरीची, नाटकाची, चित्रपटाची समीक्षा आपल्याकडे भरपूर होते. पाठ्यपुस्तकाची क्वचित होते. संगणकाचा प्रोग्रॅम कसा लिहावा हे दाखवणाऱ्या व्हिडिओची मात्र कोणी करत नाही. तो पाहिला जातो, एकमेकांना पाठवला जातो आणि विसरला जातो. वास्तविक शिकवणी व्हिडिओ हीसुद्धा एक रचना आहे. तिला संहिता असते, भाषा असते, गती असते, आणि ती चांगली की वाईट हे ठरवण्याचे निकषही असायला हवेत. प्रस्तुत लेखात असे निकष मांडून, आपल्याकडच्या सर्वांत विचारपूर्वक घडवलेल्या एका उपक्रमाला ते लावून पाहायचे आहेत. हा उपक्रम म्हणजे मुंबईच्या आयआयटीत सुरू झालेला ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्प.

माझी मुख्य कसोटी साधी आहे. व्हिडिओ थांबवल्यावर शिकणाऱ्याच्या हातून काय घडते? आणि पहिली चूक पडद्यावर उमटली की तो एकट्याने तिच्या पलीकडे जाऊ शकतो का? मी राहतो ते हसनाबाद हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले गाव. इथला मुलगा शिकायला जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो. सुट्टीत परत येतो तेव्हा शेजारी विचारायला ना सर असतात, ना पुढच्या वर्गातला मित्र. अशा मुलाला अडल्या ठिकाणी सोडणारा व्हिडिओ कितीही देखणा असला तरी निरुपयोगी आहे.

ही कसोटी आवश्यक का, ते एका प्रयोगातून कळते. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना काही कसबांचे व्हिडिओ दाखवले. टेबलावरच्या वस्तू न हलवता खालचे कापड झटक्यात ओढून काढणे हे त्यांतले एक. व्हिडिओ पुनःपुन्हा पाहणाऱ्यांचा ‘मला हे जमेल’ हा विश्वास वाढला, प्रत्यक्ष जमणे मात्र वाढले नाही. पोहणे काठावर बसून येत नाही हे आपण जाणतो. व्हिडिओची अडचण अशी, की पाहणाऱ्याला आपण काठावर आहोत हेच कळत नाही. म्हणून ‘किती जणांनी पाहिला’ आणि ‘किती वेळ पाहिला’ ही मापे शिकवणी व्हिडिओला पुरत नाहीत. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडेक्सच्या चार अभ्यासक्रमांतली सुमारे ६९ लाख पाहण्याची सत्रे तपासली. छोटे व्हिडिओ अधिक पाहिले जातात, सहा मिनिटांनंतर लक्ष टिकत नाही, असे त्यांना दिसले. ही माहिती मोलाची आहे, पण ती लक्ष किती वेळ टिकले एवढेच सांगते. हाताचे काय झाले, हे त्यात नाही.

संगणकाचा पडदा दाखवून बोलण्याची परंपरा जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबर्ट यांनी सुमारे दीड तास मोठ्या पडद्यावर माउससह आपली प्रणाली चालवून दाखवली. २००५ मध्ये ‘रुबी ऑन रेल्स’च्या कर्त्याने पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणारा व्हिडिओ जगभर फिरला. ही दोन्ही प्रात्यक्षिके होती. प्रात्यक्षिकाचा हेतू ‘पाहा, हे किती सोपे आहे’ हे पटवणे असतो. शिकवणीचा हेतू ‘आता तुम्ही करा’ हा असतो. आजचे बहुतेक प्रोग्रॅमिंग व्हिडिओ शिकवणीच्या नावाने प्रात्यक्षिक करतात. चूक झाली की संपादनात कापतात, आणि शेवटी सुरळीत चाललेला प्रोग्रॅम तेवढा उरतो.

मराठीत दृक्‌श्राव्य शिक्षणाची आपली स्वतंत्र परंपराही आहे. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. तिचे कार्यक्रम इथल्या मुलांसाठी मुळातून मराठीत लिहिले जात, हे तिचे मोठे बळ. पण दूरदर्शनवर ठरल्या वेळी लागणारा कार्यक्रम पाहणाऱ्याला थांबवता येत नसे. गोष्ट सांगायला ते चालते, हाताचे काम शिकवायला चालत नाही.

स्पोकन ट्युटोरिअलने नेमकी ही अडचण ओळखली. आयआयटी मुंबईच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय अभियानाच्या पाठबळावर तो उभा राहिला. सी, सी++, जावा, पायथॉन, पीएचपी, लिनक्स, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत. प्रत्येक पाठाची आधी दोन रकान्यांची संहिता तयार होते : एका बाजूला पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्या बाजूला काय बोलले जाईल. मग विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाकडून ती संहिता करून पाहून घेतात. तो जिथे अडेल तिथे संहिता दुरुस्त होते. पाहण्याची रीतही सांगितलेली आहे : पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, अर्ध्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, थोडे पाहायचे, थांबवायचे, करायचे. थांबणे हा इथे व्यत्यय नसून पाठाचाच भाग आहे. नवख्याकडून तपासणी ही पायरी तर मला या प्रकल्पाची सर्वांत मोठी देणगी वाटते. जाणकाराला आपण काय गृहीत धरले हे दिसत नाही. ते नवख्याच्या अडण्यातूनच दिसते.

या प्रकल्पातली सी भाषेची मालिका जरूर पाहावी. पहिला छोटा प्रोग्रॅम चालवून झाला की निवेदक मुद्दाम चूक करतो. शेवटचा महिरपी कंस काढतो, फाइल सेव्ह करतो, पुन्हा कंपाइल करतो आणि कंपाइलरची तक्रार दाखवतो. मग कंस परत घालतो. बाकीच्या व्हिडिओंनी कापून टाकलेला भाग इथे पाठाच्या मध्यभागी आहे.

पण इथेच उणीवही आहे. कंस राहिला की जीसीसी कंपाइलर म्हणतो, ‘एक्स्पेक्टेड डिक्लरेशन ऑर स्टेटमेंट ॲट एंड ऑफ इनपुट’. या वाक्यात कंसाचे नावही नाही. अशा वेळी चूक दुरुस्त करून दाखवण्याइतकेच तक्रार कशी वाचायची हे शिकवणे गरजेचे असते. कंपाइलर जी ओळ सांगतो ती चूक झालेली ओळ असतेच असे नाही. चूक त्याच्या ध्यानात आली ती ओळ असते. शेतात पाइप एका जागी फुटतो आणि पाणी कमी पडलेले दुसऱ्या टोकाला दिसते, तसेच हे. हे एक वाक्य मिळाले तर मुलगा पुढच्या शंभर तक्रारी स्वतः वाचू शकेल. ते नसले तर त्याला फक्त कंसाची एक चूक कळते.

आता भाषेकडे वळू. पडदा इंग्रजीच ठेवायचा आणि निवेदन तेवढे मराठीसह अन्य भारतीय भाषांत करायचे, असे प्रकल्पाचे धोरण आहे. नोकरीत इंग्रजी पडद्यावरच काम करावे लागते, हे त्यामागचे कारण योग्य आहे. परंतु निवेदन मूळ इंग्रजी संहितेवरून भाषांतरित होते आणि चित्राचा ताल त्या इंग्रजीवर बेतलेला असतो. ‘कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणे एकाच वेळी दाबा’ या वाक्यात मराठी क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते सुरुवातीला असते. मराठी वाक्य जरा लांबले की ‘दाबा’ ऐकू येण्याआधीच पडद्यावर टर्मिनल उघडलेले असते. आज्ञेच्या आधी परिणाम! हा धोका या पद्धतीत अंगभूत आहे.

गंमत अशी, की मुळात मराठीत लिहिले तर हीच वाक्यरचना फायद्याची ठरते. ‘सेव्ह बटणावर क्लिक करा’ म्हणताना आधी जागा कळते, बाण तिथे पोहोचतो आणि ‘करा’ला क्लिक होते. डोळ्याला आधी ‘कुठे’ हवे असते, मग ‘काय’. मराठीचा स्वभाव या कामाला सोयीचा आहे. भाषांतराने तो वाया जातो.

परिभाषेचेही तसेच. ‘व्हेरिएबल’ म्हणावे की ‘चल’, हा वाद अर्धवट आहे. तक्रार इंग्रजीत येणार, म्हणून ‘व्हेरिएबल’ शब्द लागेलच. पण मराठी माध्यमाच्या मुलाने दहावीला ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सोडवलेली असतात. ‘चल’ हा त्याचा ओळखीचा शब्द आहे, आणि म्हणूनच तो त्याला अडकवूही शकतो. बीजगणितात ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ हे अशक्य समीकरण. प्रोग्रॅममध्ये तो रोजचा व्यवहार. तिथे ‘बरोबर’चे चिन्ह समानता सांगत नाही, उजवीकडची किंमत डावीकडच्या डब्यात ठेवायला सांगते. मराठीतून शिकलेला मुलगा कुठे ठेचकाळेल हे जाणणारी संहिता या ठिकाणी दोन मिनिटे थांबेल. भाषांतरित संहिता थांबू शकत नाही, कारण मूळ संहिता तिथे थांबलेली नसते.

तिसरा निकष आयुष्याचा. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. जुन्या आवृत्तीत ‘प्रिंट’पुढे कंस लागत नसत, नव्या आवृत्तीत लागतात. म्हणजे जुना पाठ पाहून लिहिणाऱ्याची पहिलीच ओळ चुकते आणि दोष तो स्वतःला देतो. प्रकल्पाने पायथॉन ३.४.३ ची वेगळी मालिका केली, हे बरे झाले. सी भाषा तशी स्थिर, पण तिच्या पाठातही एक भाग जुना होतो, तो म्हणजे चुकांचा. अर्धविराम राहिला की पूर्वीचा जीसीसी बऱ्याचदा पुढच्या ओळीवर बोट ठेवी. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून तो मूळ जागा दाखवू लागला. सर्वांत उपयोगी भाग सर्वांत आधी शिळा होतो. म्हणून पाठाच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगण्याची या प्रकल्पाची शिस्त प्रत्येकाने उचलावी.

चौथा निकष वाटण्याचा. हे पाठ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. कोणीही ते उतरवून घ्यावेत, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर वाटावेत, श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून बदलावेत. संहिताही मजकूर म्हणून उपलब्ध आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि सीडीची गरज संपली असे वाटले. पण परवान्याची गरज संपलेली नाही. यूट्यूबवर मराठीत प्रोग्रॅमिंग शिकवणारे अनेक जण आज आहेत. त्यांची भाषा जिवंत, घरगुती असते. ‘आता बघा, इथे गडबड होणार’ असे ते सहज म्हणून जातात. ही सहजता भाषांतरित निवेदनात येत नाही. मात्र बहुतेकांची संहिता नसते, नवख्याची तपासणी नसते, आणि शिळा झालेला व्हिडिओ दुसऱ्या कोणाला दुरुस्त करता येत नाही. एकीकडे शिस्त आहे आणि आपली बोली नाही. दुसरीकडे बोली आहे आणि शिस्त नाही.

स्वस्त डेटाने आणखी एक पेच आणला. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर काम, ही रीत संगणक गृहीत धरते. गावातल्या मुलाच्या हातात बहुधा फक्त फोन असतो. त्यावर संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे मुंगीएवढी दिसतात, आणि पाहता पाहता करायला दुसरा पडदा नसतो. फोनवरही सी आणि पायथॉन चालवता येते, पण ते गृहीत धरून लिहिलेली संहिता वेगळी असेल : अक्षरे मोठी, ओळी आखूड, आणि दर दोन मिनिटांनी ‘आता व्हिडिओ बंद करा, ही चार ओळी लिहा, मग परत या’ अशी स्पष्ट सूचना.

यावर कोणी म्हणेल, की प्रोग्रॅमिंग इंग्रजीतूनच शिकावे. मराठी पाठांवर इतकी मेहनत कशाला? आज ना उद्या इंग्रजी वाचावेच लागते, हे खरे. पण पहिल्या आठवड्यात जो मुलगा ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणून बाजूला होतो, त्याला तो उद्या दिसतच नाही. मराठी पाठाचे काम त्याला इंग्रजीपासून लांब ठेवण्याचे नाही. कंपाइलरची इंग्रजी तक्रार त्याला एकट्याने वाचता येईल इथपर्यंत सोबत करण्याचे आहे.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. खुला परवाना आणि संहितेची रीत तयार आहे. मराठी शिक्षकांनी आणि नोकरी करणाऱ्या प्रोग्रॅमरांनी एकेक चूक घ्यावी, तिच्यावर पाच मिनिटांचा पाठ मुळातून मराठीत लिहावा, दहावी झालेल्या एखाद्या मुलाकडून तो फोनवर करून पाहून घ्यावा आणि संहितेसह खुला सोडावा. तो शिळा झाला की दुसरा कोणी दुरुस्त करील. राहिलेला कंस, सुटलेला अर्धविराम, ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ : सुरुवातीला एवढे तीन पाठ पुरेत.