सर्व्हर गप्प बसला तर? राउटरच्या एका ओळीची समीक्षा

पेट पास झाल्यावर मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "हे वाचलंत ना, मग यात काय कमी वाटलं?" इथे भल्याभल्यांची गाडी अडते. माझीही अडली होती. वाचलेल्याचा सारांश सांगायची आपल्याला सवय असते. मजकुराने कुठला प्रश्न विचारलाच नाही, हे शोधायची सवय नसते. तर आज मी पेपर घेत नाही. एक ओळ घेते, आणि ती ओळ समजावून सांगणारी कागदपत्रं घेते.

राउटरवर लॉगिन करणाऱ्याची ओळख कशी तपासायची, हे सांगणारी सिस्को आयओएसमधली ही ओळ. (इथे देवनागरीत लिहितेय, राउटरवर अर्थातच रोमन लिपीत टाकायची.)

एएए ऑथेंटिकेशन लॉगिन डिफॉल्ट ग्रुप रेडियस लोकल

नेटवर्किंगच्या लॅबमध्ये ही ओळ सगळ्यांनी एकदा तरी टाकलेली असते. अर्थ असा: कोणी लॉगिन करायला आलं की आधी रेडियस सर्व्हरला विचार; तिथे जमलं नाही तर राउटरवरच साठवलेल्या लोकल खात्यांत बघ. "डिफॉल्ट" म्हणजे वेगळी यादी न लावलेल्या सगळ्या लाइनींना हीच लागू. अशा ओळीला मेथड लिस्ट म्हणतात. म्हणजे पद्धतींची यादी, क्रमाने.

सगळी गोम त्या "जमलं नाही तर"मध्ये आहे.

गेल्या वर्षी लॅबमधल्या एका राउटरवर मी हीच ओळ टाकली. रेडियसची गुप्त किल्ली मेलमधून कॉपी करून चिकटवली. संध्याकाळी एक ज्युनियर म्हणाला, "ताई, पासवर्ड चुकीचा आहे म्हणतोय." मी म्हटलं नीट टाइप कर. त्याने तीनदा केला, मग मी केला. दर वेळी नकार. अर्ध्या तासाने लक्षात आलं की नकार यायला वेळ लागतोय, साधारण वीस सेकंद. पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने चटकन सांगितलं असतं. सर्व्हरचा लॉग उघडला तर पासवर्डच्या जागी नुसती अगम्य अक्षरं. आणि राउटरच्या लॉगमध्ये नोंद की सर्व्हर उत्तर देत नाही.

झालं होतं एवढंच की चिकटवताना किल्लीच्या शेवटी एक स्पेस आली होती. आयओएस ती स्पेससुद्धा किल्लीचाच भाग धरतं. मग सर्व्हरला पासवर्ड उलगडताना कचरा दिसला आणि त्याने नकार पाठवला. त्या नकारावरची खूण राउटरकडच्या किल्लीशी जुळेना, म्हणून राउटरने तो गुपचूप टाकून दिला. रेडियसचा नियमच तसा आहे: न जुळणारं उत्तर मुकाट्याने फेकायचं. पाच सेकंद वाट पाहिली, आणखी तीनदा विचारलं, असे वीस सेकंद. मग राउटर यादीतल्या पुढच्या पद्धतीवर गेला, म्हणजे लोकल. तिथे आमचे पासवर्ड नव्हतेच. आम्ही ज्याला सर्व्हरचा नकार समजत होतो तो लोकल खात्यांचा होता. स्क्रीनवर मात्र दोन्ही नकार सारखेच दिसतात. फरक फक्त घड्याळात.

चूक माझी, यात वाद नाही. पण त्यानंतर मी सिस्कोची कॉन्फिगरेशन गाइड आणि प्रोटोकॉलचे दस्तऐवज पुन्हा वाचले, आणि या वेळी सारांशासाठी वाचले नाहीत.

गाइडबद्दल आधी चांगलं बोलते, कारण ती खरंच बरी लिहिली आहे. मेथड लिस्टचा कळीचा नियम ती स्पष्ट सांगते: पुढची पद्धत तेव्हाच, जेव्हा आधीच्या पद्धतीकडून एरर येतो किंवा उत्तरच येत नाही. सर्व्हरने "नाही" म्हटलं तर विषय तिथेच संपला, लोकल बघितलं जात नाही. म्हणजे नकार वेगळा आणि मौन वेगळं. हा भेद अनेक शिकवण्यांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये गाळला जातो, आणि मुलं समजतात की सर्व्हरवर नाही चाललं तर लोकलवर चालेल.

हा भेद क्षुल्लक नाही. ज्युनिपरच्या जुनोसमध्ये अशीच दिसणारी ओळ आहे: ऑथेंटिकेशन-ऑर्डर, आणि पुढे कंसात रेडियस, पासवर्ड. इथे "पासवर्ड" म्हणजे लोकल पासवर्ड. क्रम तोच, पण जुनोस रेडियसने नकार दिला तरीसुद्धा लोकल पासवर्ड तपासतं! सिस्कोसारखं वागायला हवं असेल तर यादीत नुसतं रेडियस लिहायचं. मग नकार आला तर दार बंद, आणि सर्व्हर गप्प असेल तर जुनोस न सांगताच लोकलकडे वळतं. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी आणि अर्थ उलटे. एका कंपनीच्या उपकरणांवर शिकलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर तीच सवय घेऊन बसला, की नोकरी सोडून गेलेल्या माणसाला सर्व्हरने नाकारलं तरी लोकल खात्याचं दार त्याला उघडंच मिळतं.

आता माझी तक्रार. गाइड मौनाला अपघात समजते. सर्व्हर बंद पडला, केबल तुटली, लिंक गेली, अशा वेळी अडकायला नको म्हणून पर्याय ठेवा, हा तिचा सूर. याच सुरात ती "नन" ही पद्धतसुद्धा समजावते: यादीच्या शेवटी नन ठेवलं की आधीच्या सगळ्या पद्धतींनी एरर दिला तरी लॉगिन यशस्वी होतं, काहीही न तपासता. वाक्यरचना अशी शांत, जणू ही एक सोय आहे. मौन कोण घडवून आणू शकतं, हा प्रश्न त्या पानांवर येत नाही.

आणि तो विचारला की चित्र बदलतं. राउटर आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर ज्याचा हात पोचतो तो मौन घडवू शकतो. त्याला कुठलंही कूट फोडायचं नाही, पॅकेट अडवायची एवढंच. शाखा कार्यालयातल्या कपाटात हात घालून अपलिंकची केबल उपसली तरी पुरे, मग तिथल्याच स्विचला लॅपटॉप जोडून राउटरवर लॉगिन करायचं. म्हणजे कुठली पद्धत वापरायची हे ठरवायचा अधिकार कागदावर अॅडमिनचा असतो, प्रत्यक्षात वाट अडवणाऱ्याचाही.

इथे तुम्ही म्हणाल, वाट अडवून मिळालं काय? लोकल खात्याचा पासवर्ड तर लागेलच ना? लागेल. पण लोकल खातं कसं असतं ते आठवा. बहुतेक ठिकाणी एकच नाव, एकच पासवर्ड, सगळ्या राउटरवर तोच, टीममधल्या सगळ्यांना माहीत, आणि बदलायचा तर प्रत्येक राउटरवर जाऊन, म्हणून वर्षानुवर्षं न बदललेला. सर्व्हरवर लावलेली ओटीपी वगैरे दुसरी पायरी तिथे नाही. कोण कधी आत आलं याची मध्यवर्ती नोंदही त्या वेळी पोचत नाही, कारण वाटच अडवलेली आहे. माणूस नोकरी सोडून गेला की सर्व्हरवरचं त्याचं खातं पाच मिनिटांत बंद होतं. त्याच्या डोक्यातला लोकल पासवर्ड बंद होत नाही. एरवी तो निरुपयोगी असतो, कारण सर्व्हर जिवंत असेपर्यंत लोकलची पाळीच येत नाही. मौन घडवलं की येते.

मग मी टॅकॅक्स प्लसकडे वळले. राउटरवरच्या लॉगिनसाठी रेडियसच्या जोडीला हाच प्रोटोकॉल सर्रास चालतो. तो १९९० च्या दशकापासून वापरात आहे, १९९७ चा त्याचा मसुदा कधीच आरएफसी झाला नाही, आणि शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये आरएफसी ८९०७ आला. प्रमाण म्हणून नाही, "जे चालू आहे ते असं आहे" या नात्याने, माहितीपर. हा दस्तऐवज मला मनापासून आवडतो. इतका प्रामाणिक सुरक्षा-विभाग क्वचित वाचायला मिळतो. जुन्या मसुद्यात ज्याला एन्क्रिप्शन म्हटलं होतं त्याला हा सरळ ऑब्फस्केशन म्हणतो, म्हणजे नुसती झाकपाक, आणि उत्तर मधे कोणी बदललं का हे तपासायची सोय प्रोटोकॉलमध्ये नाही हेही कबूल करतो.

ही कबुली किती मोठी आहे ते स्वतः गणित केल्याशिवाय कळत नाही, म्हणून करून बघा. सर्व्हरच्या उत्तराच्या मुख्य भागात पहिला बाइट म्हणजे निकाल: पास म्हणजे १, फेल म्हणजे २, एरर म्हणजे ७. हा भाग एका गुप्त बिटमालेशी एक्स-ऑर करून झाकलेला असतो. मधे बसलेल्याला ती बिटमाला माहीत नाही. पण त्याने मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला असेल तर झाकणाखाली २ आहे हे त्याला माहीत आहे. झाकलेल्या बाइटला ३ ने एक्स-ऑर केलं की २ चा १ होतो, म्हणजे फेलचा पास. ५ ने केलं की २ चा ७. नकाराचा एरर झाला.

आणि एरर आल्यावर काय करायचं? आरएफसी सांगतो की त्या सर्व्हरशी संपर्कच झाला नाही असं धरून पुढे जा. पुढे म्हणजे कुठे, ते ठरवणं त्या त्या उपकरणाच्या हाती राहतं. उपकरणाची गाइड म्हणते, एरर आला तर यादीतली पुढची पद्धत. दोन्ही दस्तऐवज आपापल्या जागी बरोबर आहेत. एक पुढच्याकडे बोट दाखवतो, दुसरा मागून आलेलं खरं मानतो, आणि "हे मौन खरं कशावरून" हा प्रश्न दोघांच्या मधल्या फटीत पडतो. विषय शोधताना मी आता अशा फटी बघते. एकच दस्तऐवज कितीही बारकाईने वाचला तरी ही दिसली नसती.

२०२४ च्या ब्लास्ट-रेडियस पेपरचा उल्लेख केला नाही तर कोणीतरी विचारेलच. यूझनिक्स सिक्युरिटीत आलेलं ते काम देखणं आहे: एमडी५ मधली टक्कर वापरून सर्व्हरचा नकार होकारात बदलायचा, तोही गुप्त किल्ली माहीत नसताना. उपायही ठरला, प्रत्येक पॅकेटला मेसेज-ऑथेंटिकेटर लावा आणि पुढे टीएलएसवर या. पण टीएलएस लावलं तरी वाट अडवता येतेच. खोटं उत्तर थांबवता येतं, उत्तर न येणं थांबवता येत नाही. तो पेपर बनावट उत्तराबद्दल आहे, म्हणून मौनाचं खापर मी त्याच्यावर फोडत नाही.

मग लोकल काढूनच टाकायचं का? तसं म्हणणाऱ्यांनी ४ ऑक्टोबर २०२१ चा फेसबुकचा दिवस आठवावा. जाळं कोसळलं तेव्हा ते दुरुस्त करायची आतली साधनंही त्याच जाळ्यावर होती. माणसं डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा मुद्दामच कडक असल्यामुळे आत जाऊन काम सुरू करायलाच वेळ गेला. मागचं दार हवंच. ते कुठे असावं, एवढाच मुद्दा.

मला पटलेली मांडणी अशी: नेटवर्कवरून येणाऱ्या लाइनींच्या यादीत फक्त सर्व्हर, लोकल नाही. कन्सोलसाठी नाव देऊन वेगळी यादी, तिच्यात लोकल. मग कोणी मौन घडवलं तरी नेटवर्कवरून काही हाती लागत नाही. राउटरसमोर उभं राहून केबल जोडावी लागते. प्रत्येक राउटरचा लोकल पासवर्ड वेगळा, बंद पाकिटात. आणि लोकल खात्याने झालेलं प्रत्येक लॉगिन ही घटना समजून दुसऱ्या दिवशी विचारपूस. बदल करताना एक सेशन उघडं ठेवून दुसऱ्यातून तपासा, नाहीतर आमच्यासारखं बाहेर उभं राहाल.

याची किंमत आहे आणि ती मला रोज दिसते. आमच्या लॅबचे दोन राउटर शेजारच्या इमारतीत आहेत, आणि रात्री आठनंतर तिथली किल्ली वॉचमनकाकांकडे असते. त्या दोघांवर नेटवर्कच्या यादीत लोकल अजून आहे. मी काढायला गेले तेव्हा सगळे म्हणाले, "रात्री सर्व्हर पडला तर जाणार कोण?" कोणीच हात वर केला नाही. मीही नाही.