पत्रातला ‘मी’ कोण?

मंडळी, आज एक अख्खं पत्र घेऊ. व्यवसायासाठी कॉपी लिहिणारे बहुतेक जण ते आदर्श म्हणून मानतात. मला ते आवडतं, आणि त्याच्याविषयी माझी तक्रारही आहे.

अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकाचं हे वर्गणीसाठीचं पत्र. १९७५ ते २००३, म्हणजे २८ वर्षं, थोड्याफार फरकानं तेच पत्र टपालानं घरोघरी जात होतं. लिहिणारे मार्टिन कॉनरॉय. ते त्या दैनिकाचे नोकर नव्हते, बाहेरून लिहून देणारे होते.

गोष्ट अशी. वसंत सरत आलेला, छान दुपार. एकाच कॉलेजातून दोन तरुण पदवी घेऊन बाहेर पडतात. दोघं अभ्यासात बरे, स्वभावानं चांगले. पंचवीस वर्षांनी कॉलेजच्या मेळाव्याला परत भेटतात. दोघांची लग्नं झालेली, दोघांना तीन-तीन मुलं. नोकरीही एकाच कंपनीत. फक्त एक जण छोट्या विभागाचा मॅनेजर, आणि दुसरा कंपनीचा अध्यक्ष!

आता इथं तुम्ही मनात काय म्हणालात? ‘दुसरा हुशार असणार.’ पत्र लगेच सांगतं, नेहमी हुशारीमुळे असं होत नाही. ‘मग मेहनत जास्त केली असेल.’ तेही नाही. ‘पहिल्याला मोठं व्हायचंच नसेल.’ तेही नाही. पत्र संवादी आहे ते इथं. आपल्याकडे गोष्ट सांगताना ऐकणारा मधे मधे ‘हं’ म्हणतो ना, हुंकार देतो, तो हुंकार कॉनरॉय यांना लिहिताना ऐकू येत होता. भाषा म्हणाल तर सरळ, जवळजवळ सभ्य गृहस्थाची. सलगी नाही, चेष्टामस्करी नाही.

आपल्याकडे संवादी लेखन म्हटलं की काय होतं? ‘करते’चं ‘करतं’ केलं, वर अनुस्वार दिला, सुरुवातीला ‘हाय फ्रेंड्स’ आणि दुसऱ्या परिच्छेदात ‘चला तर मग, जाणून घेऊया’. (हशा) हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हे लिहिलंय. आणि त्याच्याखाली लगेच ‘आम्ही ग्राहकांना सर्वोत्तम सेवा प्रदान करण्यास कटिबद्ध आहोत’. कटिबद्ध! घरी कोणी म्हणतं का, मी भाजी आणण्यास कटिबद्ध आहे? अनुस्वारानं लेखन बोलकं होत नाही. ऐकणारा आधी काय विचारेल आणि मग काय विचारेल, तो क्रम सापडला की होतं.

मराठीत तर एक सोय जास्तीची आहे. इंग्रजीत ज्याला एकच शब्द, त्याला आपल्याकडे दोन: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिणारा लिहितो, ‘आपण हप्ता ठरवू.’ वाचायला किती आपुलकीचं! पण ठरवायला ‘आपण’ असलो तरी हप्ता तो एकटाच भरणार असतो.

हे म्हटल्यावर मला त्या पत्राकडे परत जायला हवं, कारण माझी तक्रार हीच आहे. पत्रात पुढे प्रामाणिकपणे लिहिलंय की हे दैनिक घेतल्यानं लगेच यश मिळेल असं वचन देता येत नाही. किती सच्चा माणूस, असं वाटतं. पण वचन तर गोष्टीनं आधीच देऊन टाकलंय! गंमत म्हणजे अध्यक्ष झालेला माणूस ते दैनिक वाचत होता, असं पत्र कुठंही म्हणत नाही. फरक ज्ञानामुळे पडला, एवढंच म्हणतं, आणि शेजारी दैनिक ठेवतं. जोडणी तुम्ही करता. दोघांचं कॉलेज, लग्न, मुलं, कंपनी, सगळं सारखं करून ठेवलंय, म्हणजे दुसरं कारण शोधायला जागाच उरू नये. कोणाचे वडील कोण होते, कोणाची कोणाशी ओळख होती, हे विचारायचं नाही. दोघं पुरुषच का, हेही नाही.

साचाही जुनाच. ब्रूस बार्टन यांनी १९१९ मध्ये व्यवसायशिक्षण देणाऱ्या एका संस्थेसाठी अशीच दोन माणसांची तुलना लिहिली होती. त्याबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. या धंद्यात साचे फिरतातच.

त्याहून मला टोचतो तो ‘मी’. माझ्यासारखाच तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, असं पत्रातला माणूस म्हणतो. खाली सही प्रकाशकाची. प्रश्न पडला कॉनरॉय यांना, तोही मानधन ठरल्यावर! यात कोणी चोरी केली असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालायचे हेच फ्रीलान्सरचं काम. पण ते शब्द त्याच्या तोंडात बसायला हवेत की नाही? ग्राहकानं फोन केला तर पलीकडून तोच माणूस बोलतोय असं वाटायला हवं.

समजा, सोलर वॉटर हीटर विकणाऱ्याचं काम आलं. तुम्ही घरी बसून ‘वर्षभर अखंड गरम पाणी’ लिहाल. त्यापेक्षा एक दिवस त्याच्या दुकानात बसा. दहातले आठ जण विचारतील, ‘पावसाळ्यात तापतं का हो?’ आणि तो सांगेल, ‘ढग असले की कमी तापतं. तेवढे दिवस विजेची कॉइल लावायची.’ तुमची पहिली ओळ ही. त्यानं सांगितलेली, त्याच्याच शब्दांत.

(श्रोत्यांतून प्रश्न: क्लायंट ती ओळ काढायला लावतो, तेव्हा काय करायचं?)

लावतोच. तेव्हा त्याला विचारायचं, दुकानात सांगता ना हे? मग कागदावर का नको? बरेचदा तो जरा थांबतो आणि म्हणतो, राहू दे. नाही म्हणाला तर ओळ काढून द्या, पण तिच्या जागी ‘अखंड’ लिहू नका. पुढचा प्रश्न? मागे, डावीकडे.