सेन्सेई गप्प बसतात तेव्हा

गेल्या वर्षी मी पुण्यात शनिवारच्या जपानी वर्गाला जायला लागलो. पहिल्याच दिवशी सेन्सेईंनी टेबलावर रंगीत लाकडी कांड्या ओतल्या. एक उचलून म्हणाल्या, "बो." एकदाच. मग आमच्याकडे बघत राहिल्या. आम्ही आठ जण, बहुतेक आयटीवाले, एकमेकांची तोंडं बघतोय. शेवटी कुणीतरी दबकत "बो" म्हणालं. शाबासकी नाही, नकारही नाही. त्यांनी लाल कांडी उचलली, "आकाइ बो". निळी उचलली, "आओइ बो". तास संपता संपता आम्ही एकमेकांना "आकाइ बो ओ तोत्ते कुदासाइ" म्हणजे "लाल कांडी घ्या" असं सांगत होतो. आणि सेन्सेई जेमतेम वीसेक शब्द बोलल्या असतील.

या पद्धतीचं नाव 'सायलेंट वे'. ती कॅलेब गातेन्यो यांची. जन्म 1911, अलेक्झांड्रिया. मूळचे गणिताचे माणूस. परदेशी भाषा शिकवण्याबद्दलचं, याच पद्धतीचं नाव मिरवणारं त्यांचं पुस्तक 1963 साली आलं. कांड्या मात्र त्यांच्या नव्हेत. जॉर्ज क्विझनेर नावाच्या बेल्जियन मास्तरांनी त्या अंकगणितासाठी केल्या होत्या: एक ते दहा सेंटिमीटर अशा दहा लांबीच्या, प्रत्येक लांबीला वेगळा रंग. गातेन्योंनी त्या आधी गणितासाठी जगभर नेल्या आणि मग भाषेच्या वर्गात आणल्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शिकवणं हे शिकण्याच्या ताब्यात असलं पाहिजे. शिक्षक बोलत राहिला की विद्यार्थी त्याची नक्कल करतो; तो थांबला की विद्यार्थ्याला स्वतःच्या कानावर आणि डोक्यावर विसंबावं लागतं. यात एक हिशेबही आहे. जे तर्काने काढता येत नाही, उदाहरणार्थ कांडीला 'बो' म्हणतात हे, ते शिक्षकाने द्यायचं. ते लक्षात ठेवायला विद्यार्थ्याची थोडी मानसिक ऊर्जा खर्च होते. त्या खर्चाच्या एककाला गातेन्योंनी 'ऑग्डेन' असं नावही दिलं होतं. जे काढता येतं ते मात्र द्यायचं नाही. इंजिनिअरला आवडावी अशीच मांडणी आहे ही, आणि मला आवडलीही.

कारण ती चालताना मी पाहिली आहे. दुसऱ्या शनिवारी हिरवी कांडी आली. हिरव्याला 'मिदोरी' म्हणतात एवढंच सेन्सेईंनी सांगितलं. मी आकाइ, आओइच्या साच्यात 'मिदोरीइ बो' ठोकून दिलं. सेन्सेईंनी दोन बोटं वर केली, एकेक बोट एकेका शब्दाचं. मग दोन बोटांच्या मधल्या फटीवर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं आणि थांबल्या. अर्धा मिनिट गेला. तेवढ्यात शेजारच्या मुलीला आठवलं की 'माझी कांडी' म्हणताना आपण 'वाताशी नो बो' म्हणतो. तिने 'मिदोरी नो बो' म्हणून पाहिलं. सेन्सेईंनी हिरवी कांडी तिच्या हातात दिली. हिरव्याला 'नो' लागतो हा नियम मला कुणी सांगितला असता तर मी वहीत लिहून विसरलो असतो. आता तो विसरणं शक्य नाही.

इथवर मी गातेन्योंच्या बाजूने आहे. पुढे माझं भांडण आहे.

आमच्या आठ जणांतला एक तिसऱ्या शनिवारनंतर आलाच नाही. त्याआधी टपरीवर चहा पिताना म्हणाला होता, "मॅडम गप्प झाल्या ना, की आपण नापास झालो असं वाटतं." मला ते लगेच कळलं. मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलो. आठवीत इंग्रजीच्या तासाला उभं राहून 'ही डोंट' म्हणालो, तेव्हा सर मारले नाहीत, ओरडलेही नाहीत. नुसते गप्प बसून बघत राहिले. वर्ग हसायचा थांबला तरी ते बघतच होते. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूपर्यंत मी चार लोकांसमोर इंग्रजीत तोंड उघडलं नाही.

बाहेरून पाहिलं तर सरांची शांतता आणि सेन्सेईंची शांतता सारखीच दिसते. खरं तर सेन्सेई गप्प असताना प्रचंड काम करत असतात: बोटं, डोळे, पुढची कांडी कोणती हा विचार. सरांनी फक्त निकाल दिला होता. पण हा फरक विद्यार्थ्याला आधीपासून माहीत नसतो. तो आपापली आठवी घेऊन वर्गात येतो. चूक म्हणजे शिक्षकाला मिळालेली माहिती, असं ही पद्धत मानते. आपल्यापैकी अनेकांसाठी चूक म्हणजे उभं राहणं. त्यामुळे ही शांतता आपोआप मोकळीक देत नाही. ती काय आहे हे आधी विद्यार्थ्याच्या भाषेत, चक्क बोलून सांगावं लागतं.

दुसरं भांडण कांड्यांशी. टेबलाभोवती आम्ही सगळे सारखे, म्हणून सगळ्यांना 'कुदासाइ' चालतं. ऑफिसात मी तेच 'कुदासाइ' जपानी क्लायंटच्या वरिष्ठांना मेलमध्ये लिहिलं: 'ओकुत्ते कुदासाइ', पाठवा. टीममधल्या एका अनुभवी सहकाऱ्याने मेल जायच्या आधी थांबवला आणि 'ओकुत्ते इतादाकेमासु का' असं करायला सांगितलं, म्हणजे साधारण 'आपण पाठवू शकाल का'. व्याकरणात मी चुकलो नव्हतो, माणसात चुकलो होतो. तू, तुम्ही, आपण यांतलं अंतर ज्या भाषेत वाढलो त्या भाषेच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पण कुणाशी कसं बोलायचं हे लाल-निळ्या कांड्यांतून काढता येत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं किंवा माणसांत राहून ऐकावं लागतं. गातेन्योंच्याच हिशेबात हे 'द्यायच्या' रकान्यात जायला हवं, आणि भाषेचा हा रकाना कांड्यांच्या टेबलावर दिसतो त्याहून फार मोठा आहे.

मी वर्ग सोडलेला नाही. चौथ्या शनिवारी सेन्सेईंना त्या न येणाऱ्या मुलाबद्दल सांगितलं. त्यांनी नवीन बॅचच्या पहिल्या दिवशी, कांड्या ओतायच्या आधी, पाच मिनिटं मराठीत बोलायला सुरुवात केली.

मीही एक शिकलो. आमच्या टीममध्ये आलेला नवा मुलगा अडकला की मी त्याच्या शेजारी बसतो आणि उत्तर देत नाही. बग त्यानेच शोधावा म्हणून. फक्त बसताना आता आधी सांगतो, "मी गप्प आहे म्हणजे चिडलोय असं नाही रे. तू बघ, मी इथेच आहे."